अठराशे पन्नास रुपयांचा सौर प्रकाश सापळा: दोन पावसाळ्यांचा हिशेब

आधी निकाल सांगून टाकतो, पुढचं ज्याला सवड असेल त्यानं वाचावं. घरापुढच्या लिलीच्या वाफ्यासाठी हा दिव्यावर किडे ओढून पकडणारा सापळा घेऊ नका. वावर असेल, त्यात भुईमूग नाहीतर ऊस असेल, बांधावर निंब-बाभळी असतील, तर घ्या. तेही रोज रात्री साडेनऊला दिवा बंद करायला घरात कुणी असेल तरच. पाचपैकी अडीच. त्यातला अर्धा खांबाचा, कारण खांब खरोखर दणकट आहे.

मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, अमळनेर आगाराला. मोजणं हा धंदाच होता. किती चढले, किती उतरले, हाफ किती, पासवाले किती. रिटायर झालो आणि मोजायला काही उरलं नाही. त्यामुळे हा सापळा आला तेव्हा मी एका दोनशे पानी वहीत वेबिलासारखे रकाने आखले आणि रोज सकाळी टबातले किडे मोजून लिहायला लागलो. घरचे हसले. पण आज हे लिहिताना ती वहीच कामाला येतेय.

आमचं घर ढेकू रोडला. कंपाउंडच्या कडेनं स्पायडर लिलीची बावीस आळी, त्यांच्यापुढे गुलाबी रेन लिलीची ओळ, ओट्यावर अमॅरिलिसच्या सात कुंड्या, आणि एक फुटबॉल लिली, जी वर्षातून एकदा मे महिन्यात लाल गोळा दाखवते आणि गडप होते. हे सगळं आमच्या सौ.चं. माझ्या वाट्याला पाणी घालणं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, गुलाब होरपळतात, पण लिली कंदावर तग धरते आणि पहिल्या पावसाला पात काढते. म्हणून अमळनेरला दर दुसऱ्या अंगणात ती दिसते. कोपऱ्यात मोठा निंब आहे. त्याचं काम पुढे येईल.

२०२३ च्या पितृपक्षात चार आळी बसली. पानं पिवळी नाही, भोक नाही, नुसती लोळली. सौ. म्हणाली पाणी जास्त झालं. मी पाणी कमी केलं. आणखी दोन बसली. मग सौ. म्हणाली पाणी कमी झालं.

पुढच्या जूनमध्ये नात पुण्याहून आली होती. मृगाचा पहिला शिपका पडला त्या सकाळी ती वाफ्याशी उकिडवी बसली आणि ओरडली, "आजोबा, लाल किडे!" बघतो तर मातीवर मखमलीचे तांबडेलाल ठिपके चालताहेत. मी तिला सांगितलं, हा मृगाचा किडा, दरवर्षी येतो, याला हात लावायचा नाही. पण तोवर तिनं फोटो काढून बापाला धाडला होता. माझा मुलगा इंजिनियर आहे, म्हणजे प्रत्येक गोष्ट फोनवर शोधतो. त्याला सापडला लिलीचा लाल भुंगेरा. "बाबा, हाच. जगभर लिली खातो."

जगभर नाही, हे नंतर कळलं. तो युरोपातला, तिथून उत्तर अमेरिकेत गेला, मॅसॅच्युसेट्सला १९९२ साली सापडला. तो खऱ्या लिलीवर जगतो, आणि आपली स्पायडर लिली, रेन लिली, अमॅरिलिस ही नावाची लिली, कुळ वेगळं. त्या भुंगेऱ्याची अळी स्वतःचीच विष्ठा पाठीवर लादून फिरते म्हणे, म्हणजे पक्ष्याला किळस यावी. हात लावायला गेलं की भुंगेरा टपकन उताणा पडतो, खालचं काळं पोट वर करतो आणि मातीत दिसेनासा होतो. किडा हुशार आहे, पण अमळनेरचा नाही. आमच्या अंगणातल्याला आठ पाय होते, म्हणजे तो कोळ्याच्या भाऊबंदातला, आणि लिलीशी त्याचं काही देणंघेणं नाही.

तरी सापळा मागवला गेला. चार दिवसांत कुरियर आलं. किंमत मला खोक्यावर कळली: अठराशे पन्नास.

खोक्यात काय आलं ते सांगतो. तीन तुकड्यांचा लोखंडी खांब, एकात एक बसणारा, वर गंजरोधक रंग. शाळेच्या पाटीएवढं सोलर पॅनेल. जांभळट उजेडाचा दिवा, त्याच्या भोवती तीन उभ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, किडा आपटून खाली पडावा म्हणून. खाली पिवळा टब, त्यात पाणी घालायचं. माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत, मराठीचा पत्ता नाही. खोक्यावर छापलंय, "एक एकर संरक्षण, सर्व प्रकारच्या किडी". सर्व प्रकारच्या, हे शब्द लक्षात ठेवा.

उभा करायला अर्धा तास लागला. मुलानं फोनवरून सांगितलं, बरोबर लिलीच्या मध्ये लावा. मीही विचार केला, रोग जिथं तिथं औषध. हीच मोठी चूक झाली आणि तिचं खापर मी सापळ्यावर फोडणार नाही. पण पत्रकात एक ओळ असती तर बरं झालं असतं.

पहिल्या रात्री दिवा लागला आणि पंधरा मिनिटांत आवाज सुरू झाला. टक. टकटक. पट्टीवर काहीतरी जड आपटायचं आणि टबात पडायचं. आम्ही तिघं ओट्यावर खुर्च्या टाकून बसलो, जसं पूर्वी लोक कुणाच्या अंगणातला टीव्ही बघायला बसायचे. सकाळी मोजले: चौऱ्याहत्तर. नातीनं टाळ्या वाजवल्या. वहीत पहिला आकडा पडला.

आता त्या चौऱ्याहत्तरचा हिशेब बघा. एकतीस तपकिरी भुंगेरे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे. बाकी वाळवीच्या पंखी, दोन पाण्यातले मोठे ढेकूण, काही पतंग, आणि पाच-सहा हिरव्या जाळीदार पंखांचे नाजूक किडे. ह्या शेवटच्यांचं मला नंतर वाईट वाटलं. त्यांची पिल्लं मावा खातात, ते आपल्या बाजूचे.

तपकिरी भुंगेरा कोणता, हे माझ्या जुन्या डायव्हरनं ओळखलं. तो मला जिभाऊ म्हणतो, मी त्याला आप्पा. धरणगावकडे त्याचं आठ बिघे वावर आहे. टबात हात घालून एक उचलला आणि म्हणाला, "जिभाऊ, हाऊ हुमणीना भुंगा. निंबना झाडवर दख रातले." रात्री बॅटरी मारून बघितलं. कोपऱ्यातल्या निंबाची खालची फांदी भुंगेऱ्यांनी लगडली होती, पानं करवतीनं कातरल्यासारखी. एकतीस वर्षं प्रवासी बघितले, पण स्वतःच्या अंगणातल्या निंबावर एवढी गर्दी कधी बघितली नव्हती.

ते कसं चालतं ते आप्पानं आणि पुढे दुकानदारानं मिळून समजावलं. हुमणीचा भुंगेरा वर्षभर जमिनीत असतो. रोहिणी-मृगाचा चांगला पाऊस झाला की दिवेलागणीला बाहेर पडतो, निंब, बाभूळ, बोर यांच्यावर बसून पाला खातो, तिथंच जोडी जमते, आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत. मादी ओल्या मातीत पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघणारी पांढरी अळी, तीच हुमणी, पुढे चार-पाच महिने मुळं खाते. म्हणजे लिली लोळते भादव्यात, पण तिकीट फाटलेलं असतं ज्येष्ठात.

हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. सापळ्याचा उजेड निंबावरच्या भुंगेऱ्यांना ओढत होता, पण आलेले सगळे टबात पडत नव्हते. बरेच पट्टीला आपटून बाजूच्या मातीत पडत. आणि बाजूची माती कुठली, तर सौ.च्या लिलीची, रोज पाणी घातलेली, भुसभुशीत. सकाळी खांबाभोवती करंगळी जाईल एवढी भोकं दिसायची. मला वाटायचं गांडुळं. मी त्या वर्षी लिलीच्या वाफ्यात हुमणीची बस थांब्यावर आणून उभी केली, तीही लाइट लावून.

ऑगस्टच्या शेवटी नऊ आळी एकामागे एक बसली. एक आळं मी हातानं ओढलं तर ते उपटायची वेळच आली नाही, नुसतं हातात आलं. कंद खाली गुळगुळीत, एक मूळ शिल्लक नाही, बुडाशी कुरतडलेला वाटीएवढा खड्डा. त्याखालची मूठभर माती ओट्यावर फोडली. आत तीन अळ्या. दुधी पांढऱ्या, डोकं तपकिरी, मागचा भाग आतल्या मातीनं काळपट, आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. उघड्यावर आल्यावर त्या घाई करत नाहीत. जबडे हळूहळू उघडझाप करतात, जसं झोपेतून उठलेलं माणूस चुळबुळतं. सौ.नं बघितलं आणि आत निघून गेली. तिच्या माहेराहून आणलेलं आळं होतं ते.

त्या अळ्या काचेच्या बरणीत, आणि शेणखताच्या ढिगात सापडलेल्या आणखी चार दुसऱ्या बरणीत, असं घेऊन मी मार्केट यार्डाकडच्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. मनात होतं की जालीम काहीतरी घ्यायचं आणि ओतून मोकळं व्हायचं. दुकानदार पोरगाच, पस्तिशीच्या आतला. तो म्हणाला, "काका, आधी चालू द्या त्यांना." काउंटरवर पेपर पसरला आणि दोन्ही बरण्या उपड्या केल्या. शेणखतातल्या चारही अळ्या उलट्या झाल्या आणि पाठीवर, पाय वर करून, सरासरा चालायला लागल्या. लिलीखालच्या तिन्ही कुशीवर पडून तिथंच घसटत राहिल्या. "पाठीवर चालणाऱ्या शेणातल्या. त्या कुजलेलं खातात, त्यांना परत ढिगात सोडा, खत चांगलं होईल. ह्या तीन हुमणी."

त्यानं विष विकलं नाही. घरात लहान मूल येतं का, मांजर आहे का, विहीर किती लांब, हे विचारलं आणि मेटारायझियमची एक किलोची पिशवी दिली, दोनशे रुपये. आधी स्वतःच तारीख बघितली. म्हणाला, ही जिवंत बुरशी आहे, जुनी पिशवी म्हणजे नुसती पांढरी पावडर, आणि उन्हात ठेवली तर तीच गत. शेणखतात मिसळून, ओल असताना, संध्याकाळी मातीत द्यायची, आणि बुरशीनाशक चुकूनही सोबत नाही. आणि ह्यानं उद्या मरणार नाही, महिना लागेल, हेही सांगितलं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणारा दुकानदार मी क्वचित बघितला.

त्याचं झालं काय, तेही सांगतो. ऑक्टोबरमध्ये उरलेल्या आळ्यांची माती उकरली. तीन अळ्या जिवंत, पाच मेलेल्या. मेलेल्यांतली एक काडीसारखी ताठ आणि तिच्या अंगावर हिरवट भुकटी, पोपटाच्या पंखासारख्या रंगाची. कागदात गुंडाळून दुकानदाराला दाखवायला नेली. तो मला म्हणाला, "काका, ही परत पुरा. हीच आता बाकीच्यांना लागण करेल." मी घरी येऊन पुरली. सौ.ला सांगितलं नाही.

आता सापळ्याकडे परत. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरी गंमत. रेन लिली ऐन बहरात आणि रोज सकाळी पाकळ्या फाटक्या. जास्वंदीचीही तीच तऱ्हा. मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, लाइट रात्रभर चालू ठेवा." ठेवला. वहीत त्या आठवड्याचा आकडा: पतंग दोनशेच्या वर, लिलीची फुलं खाणारा एकही नाही. कारण तो दिवसाचा प्रवासी. सकाळी नऊला जाऊन बघा, फुलात बसलेला असतो, काळ्या अंगावर नारिंगी-लाल पट्टे, सुस्त, पळत नाही. बाजरीवाले त्याला हिंगे म्हणतात. तूर, भेंडी, मूग, जे फुलात असेल ते खातो. "सर्व प्रकारच्या किडी" मध्ये हा नाही.

आणि ह्याला चिमटीत चिरडू नका. मी चिरडला. दुपारी मनगटाच्या आत पाणी भरलेला फोड, भाजल्यासारखा. त्याच्या अंगातला रसच तसा असतो. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरात असे चार-पाच पेशंट येतात. आता मी रबरी हातमोजे घालतो, साबणाच्या पाण्याचा मग फुलाखाली धरतो आणि फूल टिचकी मारून हलवतो. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत, तेव्हा तो उडत नाही. सगळे मारतही नाही. हिंग्याची पिल्लं जमिनीतली नाकतोड्याची अंडी खातात, हे दुकानदारानं सांगितल्यापासून मी फक्त अमॅरिलिस आणि रेन लिलीवरचे काढतो, जास्वंद त्यांना सोडून दिली. सौ.ला हा करार मान्य नाही.

लिलीची पानं मात्र भुंगेरा खात नाही, तो वेगळाच प्रकार. स्पायडर लिलीच्या पानाचा नुसता जाळीदार सांगाडा उरला असेल तर ती काळी, ठिपक्यांची लिलीची अळी, घोळक्यानं बसते. ती पतंगाची. पहाटे चिमट्यानं उचलली, आणि पुढच्या पात्यांवर निंबोळीचा अर्क मारला. निंबोळ्या अंगणातच पडतात, पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळायच्या, चमचाभर साबण. खर्च शून्य. एवढंच, अळीवर जास्त लिहीत नाही.

दुसरा पावसाळा, २०२५. मी शहाणा झालो होतो. खांब लिलीतून उपटला आणि पंचवीस फूट लांब निंबाखाली, जिथं माती नाही तर फरशी आहे, तिथं रोवला. म्हणजे पट्टीला आपटून खाली पडलेला भुंगेरा फरशीवर उताणा, सकाळी झाडूनं गोळा. पण पाऊस मे महिन्यातच आला. सापळा माळ्यावर, बॅटरी चार्ज नाही, आणि भुंगेरे रोहिणीतच निंबावर. पहिल्या चार संध्याकाळी हातच्या गेल्या, आणि हुमणीच्या बाबतीत पहिले पंधरा-वीस दिवसच खरे. तेव्हा घेणार असाल तर अक्षय तृतीयेला खांब उभा पाहिजे, मृगाची वाट बघू नका.

बॅटरीचंही त्याच वर्षी कळलं. ढगाळ दिवस दोन झाले की तिसऱ्या रात्री दिवा तासाभरात मंद. जूनमध्येच सापळा हवा, आणि जूनमध्येच आकाश झाकलेलं, ह्याचा विचार ज्यानं केला नाही त्यानं पाऊस बघितलेला नसावा. जुलैत बॅटरी पूर्णच गेली. सापळ्याला वॉरंटी वर्षाची, बॅटरीला सहा महिन्यांची, हे खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं एकशे वीस रुपयांत नवा सेल बसवला. तोच अजून चालतोय, जुन्यापेक्षा बरा.

दिवा अंधार पडला की आपोआप लागतो, हे चांगलं. आपोआप बंद होत नाही, हे वाईट. हुमणीचा भुंगेरा साडेसात ते नऊच्या दरम्यान येतो. माझ्या वहीत त्यानंतर भुंगेरे जवळजवळ नाहीत, फक्त पतंग आणि ते हिरवे जाळीवाले. म्हणून साडेनऊला स्वतः जाऊन बटन दाबायचं. बटन कुठं, तर पॅनेलच्या खाली, साडेसहा फुटांवर. मी पाच फूट चार इंच. रोज रात्री स्टुलावर चढणारा म्हातारा बघायला शेजारची पोरं गच्चीत यायची.

टबही उथळ. मोठा भुंगेरा पाण्यातून कडेवर चढतो आणि उडतो. दुसऱ्या दिवसापासून कपड्याची पावडर चमचाभर घातली, मग बुडायला लागले. पूर्वी रॉकेल घालायचे, आता रॉकेल आणायचं कुठून. आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर तिसऱ्या दिवशी असा वास सुटतो की पाहुणे ओट्यावर बसत नाहीत. एक मोठा बेडूक मात्र दोन्ही पावसाळे टबाखाली मुक्कामाला होता. त्यानं किती खाल्ले ते वहीत नाही.

आप्पा सगळं बघून म्हणाला, "तुले पैसा जास्त व्हयी ग्यात का? घमेलं नही का घरमा?" मग आम्ही चार संध्याकाळी घमेल्याची तुलना केली. निंबाच्या दुसऱ्या अंगाला जुना दोनशे वॅटचा बल्ब, वर पत्र्याचा तुकडा, खाली घमेल्यात साबणाचं पाणी. दीड तासाचे हुमणीचे भुंगेरे: सापळा एकोणतीस, बल्ब एकवीस. सापळा चौतीस, बल्ब तीस. तिसऱ्या दिवशी पाऊस, दोन्ही शून्य. चौथ्या दिवशी सापळा अकरा, बल्ब सोळा. सापळा जिंकला, पण अठराशे रुपयांनी जिंकला असं म्हणता येत नाही. बल्बला वायर ओढावी लागते आणि पावसात वायर म्हणजे जिवाशी खेळ, हा त्यातला एकच खरा मुद्दा. वावरात वीज नसते, तिथं सोलरला किंमत आहे. साधा एलईडी लावून बघू नका, त्यावर भुंगेरे फारसे येत नाहीत, आम्ही एक रात्र वाया घालवली.

आणि घमेल्याहून स्वस्त उपाय सौ.नं काढला. आठ वाजता निंबाखाली जुनं लुगडं पसरायचं, मी बांबूच्या आकड्यानं फांदी हलवायची, ती सुपानं गोळा करून बादलीत टाकायची. एका हलवणीत सत्तेचाळीस. टबात पडायची वाट नाही, उडालेल्यांचा हिशेब नाही. वीस संध्याकाळी केलं. हा उपाय नवा नाही, वावरवाले तो पिढ्यान्‌पिढ्या करतात. मीच शहरातला झालो होतो.

त्या वर्षी दोन आळी बसली, नऊच्या जागी. हे सापळ्याचं श्रेय का? वही माझी असली तरी मी खोटी सही करणार नाही. मेटारायझियम दोनदा दिलं, शेणखत चाळून घातलं, फांदी हलवली, सापळा लिलीतून काढला. रुपयातले चार आणे सापळ्याला देतो, त्यातले दोन तो तिथून काढल्याबद्दल.

सध्या सापळा माझ्याकडे नाही. आप्पा यंदा भुईमूग पेरतोय, दहा दिवसांपूर्वी खांब, टब, पॅनेल सगळं मोटरसायकलला बांधून घेऊन गेला. खुली जागा, वीज नाही, बांधावर चार बाभळी, तिथं त्याचं खरं काम. सोबत मी कोरी वही दिली, रकाने आखून. रोज सकाळी मोज, तारीख घाल, हुमणीचे वेगळे, बाकीचे वेगळे. त्यानं वही डिक्कीत टाकली आणि किक मारत म्हणाला, "भुंगा मोजस कोन, जिभाऊ?"